मला जर्मन येत नाही

५ नोव्हेंबर, बुधवार

आज पुन्हा केलं! माझ्यासमोर बसून, माझा चहा निवत असताना, दोघी कितीतरी वेळ जर्मनमध्ये बोलत राहिल्या. लीलाताई आणि अवंतिका. मध्ये एकदा माझं नाव आलं. अवंतिकानं माझ्याकडे बघितलं, पटकन नजर वळवली. लीलाताई मान हलवत "या, या" करत होत्या — म्हणजे हो, हो. एवढं कळतं मला.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही रे. तुझे उच्चार सुधारलेत म्हणत होते," लीलाताई म्हणाल्या.

उच्चार! उच्चारांबद्दल बोलताना कोणी आवाज खाली करतं का?

मी ग्वाल्हेरचा मराठी आहे. ही चाल मला शिकवू नका. आमच्या घरात जन्मापासून हेच चालत आलंय. नळवाला आला की आई मराठीत सांगणार — "ह्याला आत एकटं सोडू नकोस" — आणि त्याच श्वासात त्याला, "भैया, चाय लेंगे?" रिक्षात, दुकानात, डॉक्टरच्या बाहेरच्या बाकावर, सगळीकडे हेच. मराठी आमची भाषा कमी, पडदा जास्त. आणि समोरच्याचं कौतुक करायला कोणी पडदा ओढत नाही. आजपर्यंत मी तरी पाहिलेलं नाही.

आज पहिल्यांदा जाणवलं, मी पडद्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. नळवाल्याच्या जागी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फोनवर अवंतिकाला विचारलं, बुधवारी काय बोलत होतात? म्हणाली, "कोणत्या बुधवारी?"

कालच्या! कालच्या बुधवारी!

९ नोव्हेंबर, रविवार

सगळं एकदा नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं जरा थंड होईल.

नोकरी जर्मनीत, एरफुर्टला. गोदामांचं सॉफ्टवेअर बनवणारी लहानशी कंपनी. कॉलेज सोडल्यापासून मी त्यांचं काम इथे ग्वाल्हेरात, हजीऱ्याच्या या खोलीत बसून करतोय. आता म्हणतात, इकडेच ये. काम इंग्रजीत, पण ऑफिसात सगळे आपसात जर्मन बोलतात, म्हणून बेसिक जर्मन हवं. डिग्री नसली तरी अनुभवावर घेतात. (इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलं. का सोडलं ते ग्वाल्हेरातल्या सगळ्या लष्कर भागाला माहीत आहे. एचओडीच्या केबिनचं दार अजून नीट लागत नाही म्हणतात.)

कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय, पहिले सहा महिने ट्रायल, त्यात कधीही नोकरी संपू शकते. मी विचारलं, का? तर फ्राऊ लिंडनर — माझी बॉस — म्हणाली, इथे सगळ्यांनाच असतं. सगळ्यांना असतं म्हणे! बोलावून घ्यायचं आणि मग दार दाखवायचं, हा काय प्रकार आहे?

तरी जायचंय. कारण एकच. अवंतिकाचे वडील, रघुनाथराव वकील. त्यांनी कोणाला तरी विचारलं होतं, "तो मुलगा करतो काय?" कोणी तरी म्हणालं, कंप्युटरवर असतो. तर म्हणाले, "कंप्युटरवर तर माझा चार वर्षांचा नातूही असतो." मला हे चार ठिकाणांहून कळलं. मला या माणसासमोर एकदा बसायचंय, आणि अवंतिकाला मागायचंय. डिग्रीवाल्यांच्या नाकावर टिच्चून.

आता मुद्दा. एरफुर्टला जा असं मला सर्वांत आधी कोण म्हणालं? अवंतिका. लीलाताईंच्या क्लासला कोणी नेलं? अवंतिकानं. ती तिथे दोन वर्षांपासून शिकते, अनुवादाचं काम करायचंय तिला. मी जाणार म्हटल्यावर सर्वांत जास्त खूश कोण? तीच! आपला माणूस इतका लांब जातोय आणि डोळ्यांत पाणी सोडा, ती मला थर्मल बनियनच्या लिंक पाठवतेय.

का?

आईचा नियम — व्हिसा लागेपर्यंत कोणाला एक शब्द सांगायचा नाही, नजर लागते. म्हणून बाबा शेजाऱ्यांना सांगतात, "समर बँकेच्या परीक्षेचं करतोय." मामाला वेगळंच सांगितलंय. या घरात लपवणं म्हणजे काळजी घेणं. मग दुसऱ्याच्या घरात काय काय लपवत असतील!

१२ नोव्हेंबर, बुधवार

ठरलं. जर्मन शिकायचं. क्लासमध्ये नाही — चोरून. त्यांना कळू न देता. मग बघू पडद्यामागे काय आहे ते.

रोज सकाळी गच्चीवर, उन्हात, कानात हेडफोन. लहान मुलांचे कार्यक्रम, हवामानाच्या बातम्या, आणि एक जाडजूड बाई जी बटाट्याचे सोळा प्रकार करते. ती बोलते अगदी लीलाताईंसारखं. लीलाताईंचं जर्मन पुस्तकातलं नाहीच. यजमान तिकडे लोखंडाच्या कारखान्यात होते आणि ह्यांनी पावाच्या दुकानात काउंटरवर आयुष्य काढलं. यजमान गेल्यावर परत आल्या, नया बाज़ारात कापडाच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. पाव विकल्यासारखं बोलतात — पटपट, शेवट खाऊन.

क्लासमध्ये मात्र मी ढ. आज मुद्दाम "मी उद्या गेलो होतो" असं म्हणालो.

"अरे सरदार," लीलाताई म्हणाल्या, "उद्या गेला होतास तर परत काल आलास की काय?"

अवंतिका इतकी हसली! मी पण हसलो. आतून म्हणत होतो, हसा. हसून घ्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सुश्रुत. हे नाव लिहून ठेवतो.

अवंतिकाच्या शाळेतला. आता इंदूरला एमटेक करतोय, सध्या इथेच दिसतो. आज क्लास सुटल्यावर तिला स्कूटरवर घेऊन गेला. मी समोरच उभा होतो! "घरी जातोय, वाटेत सोडतो," म्हणाला. वाटेत? तो राहतो बिड़ला नगरला, ती राहते जीवाजीगंजला. ही कसली वाट?

लीलाताईंनी खिडकीतून बघितलं. मला बघितलं.

सगळ्यांना माहीत आहे. मलाच नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

आईबरोबर कोट घ्यायला गेलो. दुकानदारानं कोट काढून दाखवला, "जर्मनी का माल है." आई हसत हसत मला मराठीत, "लबाड आहे मेला, आतलं अस्तर बघ, रद्दी आहे." दुकानदारही हसला. त्याला वाटलं कोट आवडला. बिचाऱ्यानं आणखी तीन काढून पसरले.

पूर्वी मलाही यात मजा यायची. आज त्याच्याकडे बघवेना.

बाहेर आल्यावर आईला म्हटलं, समोर हिंदीत बोलत जा. तर म्हणाली, "हद झाली! आता खरेदी पण त्याला विचारून करू?"

१५ डिसेंबर, सोमवार

कंपनीचा कॉल. माझ्या यायची तयारी, म्हणून सगळे होते. थोडा वेळ इंग्रजी, मग ते आपसात सुरू. मी चेहरा मठ्ठ ठेवला. कानात प्राण आणून ऐकलं.

तुटक कळलं. माझं नाव. "एकटा." "थंड." "त्याला सांगायचं का?" — हे पूर्ण वाक्य कळलं! मग तो दाढीवाला, यान, काही तरी म्हणाला आणि सगळे हसले. फ्राऊ लिंडनरनं त्याला गप्प केलं, बोट दाखवून.

म्हणजे तिथेही. इथे दोघी, तिथे पाच जण. मी मधोमध, मान डोलवत, "या, या" करत!

यानला मेल लिहिली. कडक. हसायला काय झालं होतं, समोर बोल. पाठवली नाही. अजून ड्राफ्टमध्ये आहे. पाठवली तर सगळंच संपेल हे कळतंय, तरी बोट जातंच तिकडे.

२० डिसेंबर, शनिवार

आज त्यांचं जवळजवळ अर्धं कळलं. लीलाताई म्हणाल्या, "किती दिवस?" अवंतिका — "फेब्रुवारीपर्यंत. मग तो गेलेला असेल."

मग? मी गेल्यावर काय? पुढचं लीलाताईंच्या मिक्सरनं खाल्लं. जगात इतक्या वेळा आहेत चटणी वाटायच्या!

२९ डिसेंबर, सोमवार

हसू की रडू!

आज पुन्हा कॉल. आज सगळं कळलं. सगळं! बटाटेवाल्या बाईची कृपा. तर गेले दोन आठवडे त्या लोकांचा माझ्याविरुद्ध जो कट चाललाय तो असा — मला मिळणाऱ्या खोलीत गादी नाही. फ्राऊ लिंडनरच्या आईकडे एक जास्तीची गादी आहे. यान म्हणतो, ती मीच गाडीवर बांधून आणतो. पण म्हातारी विचारते, मुलगा एकटाच आहे ना, मग एवढी मोठी गादी कशाला, पसरून थंडीत एकटा पडेल बिचारा! म्हणून हसत होते. आणि "त्याला सांगायचं का" म्हणजे जुनी गादी देतोय हे मला सांगायचं का, मला वाईट तर वाटणार नाही ना?

मी गच्चीवर जाऊन एकटाच हसलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "क्या हुआ बेटा, बैंक में हो गया?"

यानची मेल पुसून टाकली.

पण एक आहे. गादीचं वेगळं. "मग तो गेलेला असेल" यात गादी नाही.

४ जानेवारी, रविवार

जे झालं ते सरळ लिहितो.

अवंतिका सकाळी म्हणाली, डोकं दुखतंय, आज नाही भेटत. मी बाबांबरोबर ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात गेलो, त्यांना गिझर बघायचा होता. सॉफ्टी आइस्क्रीमच्या दुकानांच्या रांगेत — अवंतिका. आणि सुश्रुत. दोघंच. तो तिच्या कानाशी वाकून काही तरी सांगतोय, ती हसतेय. डोकं दुखतंय!

पुढचं मला नीट आठवत नाही. त्याची कॉलर माझ्या मुठीत होती. "भाई, छोड़! हुआ क्या है?" तो ओरडत होता. लोक जमले. मी काय काय बोललो — हिंदीत, मराठीत — सगळं बोललो. तेवढ्यात गर्दीतून एक मुलगी आली, दोन्ही हातांत मिळून तीन सॉफ्ट्या.

"कौन है ये?"

तिचं नाव रुचिका. तिचा आणि सुश्रुतचा साखरपुडा आहे, पुढच्या महिन्यात. गर्दीत ऐकू जात नव्हतं म्हणून तो वाकून बोलत होता.

"ये समर है," अवंतिका तिला म्हणाली. एवढंच. मित्र नाही, कोणी नाही. आणि ती बोलता बोलता सरकून रुचिकाच्या मागे जाऊन उभी राहिली. सुश्रुतला शर्टाचं बटण तुटल्याचं काहीच वाटलं नाही, उलट मलाच म्हणाला, "पानी पिएगा?"

बाबा लांब उभे होते. त्यांनी सगळं बघितलं. घरी येईपर्यंत गिझरबद्दल बोलत राहिले.

५ जानेवारी, सोमवार

उचलत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

भेटली! फूलबागेत, उन्हातल्या बाकावर. मी सरळ माफी मागितली. नाक घासायचं तेवढं घासलं. सुश्रुतलाही फोन केला, तो म्हणाला, "यार, शादी में आना, बस नया शर्ट लाना."

मग शेवटचं म्हणून विचारलं. "दुसरं कोणी आहे का? सांग. मी काही करणार नाही."

"कोणी नाही."

"घरच्यांनी कोणी बघितलाय?"

"नाही रे समर. देवाशपथ कोणी नाही."

माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. खोटं नव्हतं ते. खोटं मला कळतं, मी त्यातच वाढलोय. तिच्या खांद्यावर पान पडलं होतं ते काढायला हात पुढे केला तर दचकली. म्हटलं, पान आहे! हसलो मी. थंडी पण सणसणीत आहे सध्या, माणूस उगाच दचकतो.

कोणी नाही. कोणी नाही! दोन महिने मी कशाच्या मागे धावत होतो?

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. लीलाताईंकडे तिळगूळ. "घे सरदार, आणि आता तरी गोड बोल," असं म्हणत हातावर ठेवला. त्यांनाही मेळ्याचं कळलेलं दिसतंय. ग्वाल्हेरात काय लपतं!

जिन्यात अवंतिकाला म्हटलं, जायच्या आधी साखरपुडा करून टाकू. घरच्या घरी. मी रघुनाथरावांना भेटायला तयार आहे, उद्याच.

ती बराच वेळ खालच्या दुकानातले तागे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी तू जा. नीट पोच. मग बोलू आपण."

"पक्कं?"

"पक्कं. पोचलास की बोलू."

पोचल्यावर बोलू म्हणजे बोलायचं तर आहे! नाही म्हणाली नाही. "फेब्रुवारीपर्यंत" म्हणजे हेच असणार. वडिलांना तयार करायला वेळ हवा तिला. मी तिथे पाय रोवला की तिला बोलायला बळ येईल. साधी गोष्ट. माझ्याच डोक्यात कचरा.

२३ जानेवारी, शुक्रवार

व्हिसा लागला!!! आईनं आधी देवापुढे ठेवला, मग तासाभरात अख्ख्या हजीऱ्याला पेढे. इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम. शेजारच्या काकू — "अरे, मैं तो बैंक समझी थी!" मामा रुसलाय. फ्लाइट तीन तारखेची.

बाबांनी नवीन बॅगचं कुलूप दहा वेळा उघडून बंद केलं. मग म्हणाले, "तिथे दारं जपून लाव." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कॉलेजच्या त्या दाराचा विषय काढला त्यांनी.

हल्ली शांत वाटतं. फोन उलटा ठेवून झोपतो.

२८ जानेवारी, बुधवार

शनिवारी शेवटचा क्लास. तेव्हा सांगून टाकणार. जर्मनमध्ये!

तयार केलंय. छोटं भाषण. लीलाताईंसमोरच. की गेले तीन महिने मी ढ नव्हतो, तुमच्यावर संशय घेत होतो म्हणून शिकलो, आणि शिकता शिकता संशय संपला, भाषा तेवढी उरली. मग अवंतिकाकडे वळून उरलेलं. ते इथे लिहीत नाही. आरशासमोर म्हणून बघितलं तर कान लाल झाले. क्रियापदं सगळी जागेवर आहेत, दोनदा तपासलीत.

तिचा चेहरा बघायचाय मला. ज्या भाषेत मला बाहेर बसवलं त्याच भाषेत आत येणार!

३१ जानेवारी, शनिवार

लीलाताई मटार सोलत होत्या, अवंतिका त्यांच्याजवळ. मी समोर, भाषण घोकत. लीलाताईंनी सवयीनं जर्मनमध्ये विचारलं, "मग, कधी सांगणार त्याला?"

"पोचला की फोनवर," अवंतिका म्हणाली. "इथे सांगितलं तर तो जाणार नाही. किंवा काही तरी करेल. तिथे त्याचं चांगलं होईल हो, काम येतं त्याला. मी मनापासून म्हणते."

"दुसरं कोणी?"

"तोही हेच विचारतो. कोणी असतं तर सांगणं सोपं होतं. मला फक्त त्याची भीती वाटते. आधी नव्हती वाटत."

पाव विकल्यासारखं पटपट. एकही शब्द सुटला नाही माझा.

मग लीलाताई माझ्याकडे वळल्या. "काय सरदार, आज काही कळलं की नाही?"

"फेब्रुवारी म्हणालात का काही तरी? नाही? लीलाताई, जरा हळू बोलत जा ना. मी उद्या नापास झालो होतो."

अवंतिका हसली. किती दिवसांनी, मोकळी. म्हणून मी आणखी एक वाक्य चुकवलं.